डीएक्सएफ आणलं की स्केच भलतीकडंच पडतंय. ओरिजिनवर (शून्य बिंदूवर) कसं आणायचं? (सॉलिडवर्क्स, थ्रीडी कॅड)

गोकुळ_शिरगावकर | मंगळवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत छोटं जॉब शॉप आहे. पंपाच्या कव्हरसाठी ड्रिल जिग (ठरल्या जागी होल पडावं म्हणून ड्रिलला वाट दाखवणारी जोडणी) करायचंय. जॉब सीआयचा (ओतीव लोखंडाचा) आहे, मधे बोर (मोठं भोक), पीसीडीवर (होलची सेंटर ज्यावर येतात त्या वर्तुळावर) आठ बॉस (होलसाठीचे उंचवटे), एका बाजूला लंबगोल पोर्ट. पार्टीनं ड्रॉइंग म्हणून एक डीएक्सएफ (रेघा-वर्तुळांची कॅड फाईल) पाठवली. पीडीएफ नाही, टायटल ब्लॉक नाही, काही नाही.

जिगच्या प्लेटचं मॉडेल आधीच केलं होतं. त्याच्या वरच्या फेसवर स्केच घेऊन डीएक्सएफ इन्सर्ट केली तर सगळं चित्र ओरिजिनपासून लांब कोपऱ्यात जाऊन बसलं, वर थोडं तिरकंही. मोजलं तर बोरचं सेंटर एक्स १५५, वाय १५० वर आहे आणि तिरकेपणा ११ अंश.

मला बोरचं सेंटर ओरिजिनवर पाहिजे आणि शेजारशेजारच्या दोन बॉसची रेघ आडवी पाहिजे. एवढंच. पण:

मॉडिफाय स्केच वापरायला गेलो तर बाहेरचे संदर्भ आहेत म्हणून हलवू देत नाही. सेंटर पकडून ओरिजिनवर ओढलं तर फक्त ते एक सर्कल येतं, बाकीची वरात तिथंच. पोर्टला एक डायमेन्शन दिलं तर पोर्टची एक बाजू सुटून तिसरीकडं गेली. आणि हे सगळं जमलं असतं तरी एक्स्ट्रूड (स्केचला जाडी देणं) होत नाही, कंटूर (बाह्यरेघ) उघडा आहे म्हणतंय.

उद्या सकाळी प्लेट कटिंगला द्यायची होती, ते आता राहू दे. पण रीत काय, ते सांगा.

डिप्लोमा_२३ | रात्री ९:२०

कंट्रोल ए मारून सगळं एकदम ओढ की लगा. त्यात काय एवढं.

गोकुळ_शिरगावकर | रात्री ९:२६

ओढलं की. येतंय पण नेमकं ओरिजिनवर बसत नाही, आणि काही आर्कची तोंडं जागची सुटतात. नजरेनं बसवून जिग होत नसतंय भावा.

सीएनसी_ताई | रात्री १०:०५

दादा, सॉफ्टवेअर बरोबर वागतंय. डीएक्सएफ हा प्रकार १९८२ साली ऑटोकॅडबरोबर आला. त्यात रेघेची दोन टोकं, आर्कचं सेंटर, त्रिज्या, कोन असे नुसते आकडे असतात. ही रेघ त्या आर्कला टॅन्जंट आहे, हे सर्कल त्या बोरला कॉन्सेन्ट्रिक आहे, असलं नातं त्यात लिहिलेलं नसतं. त्यामुळे आत आल्यावर प्रत्येक रेघ स्वतंत्र. सुट्या रेघेला हलायच्या चार मोकळीका, सर्कलला तीन, आर्कला पाच. तुमच्या चित्रात पन्नास-साठ तुकडे तरी असणार, म्हणजे दोनशेच्या वर मोकळीका. एकाला डायमेन्शन दिलं की तो हलणार आणि बाकीचे बघत बसणार.

यावर उपाय म्हणजे ब्लॉक. सगळं सिलेक्ट करा, टूल्स – ब्लॉक – मेक. तिथंच इन्सर्शन पॉइंट विचारतं, तो बोरच्या सेंटरवर नेऊन ठेवा. ओके केलं की ते सगळे तुकडे मिळून एकच कडक वस्तू होते. आता तिला तीनच मोकळीका राहिल्या: आडवं सरकणं, उभं सरकणं, फिरणं. इन्सर्शन पॉइंट आणि ओरिजिन कोइन्सिडेंट केलं की पहिल्या दोन गेल्या. दोन बॉसच्या सेंटरमध्ये एक कन्स्ट्रक्शन लाइन मारून ती हॉरिझॉन्टल केली की तिसरी गेली. स्केच काळं पडलं पाहिजे, म्हणजे पूर्ण बांधलं गेलं. निळं राहिलं तर कुठंतरी काहीतरी ब्लॉकच्या बाहेर राहिलंय, ते शोधा.

ब्लॉक नंतर फोडायची गरज नाही. न फोडताही त्याच्यातनं एक्स्ट्रूड, कट सगळं होतं. पुढं पार्टीनं दुरुस्त फाईल पाठवली तर एडिट ब्लॉकमध्ये जाऊन आतला माल बदलता येतो, बाहेरची बैठक तशीच राहते.

मॉडिफाय का अडलं? तुम्ही स्केच तयार प्लेटच्या फेसवर घेतलंय. डायमेन्शन देताना किंवा ओढताना काही टोकं प्लेटच्या कडांना चिकटली असणार. स्केचची टोकं अशी मॉडेलच्या कडांना बांधलेली असली की मॉडिफाय हात वर करतं. डिस्प्ले/डिलीट रिलेशन्स उघडून एक्स्टर्नल काय काय आहे ते बघा आणि उडवा. खरं तर नवीन पार्टमध्ये, रिकाम्या फ्रंट प्लेनवर आणणं चांगलं. आयात करतानाच्या विझार्डमध्ये युनिट विचारतं, ओरिजिन कुठं हवा ते प्रिव्ह्यूमध्येच ठरवता येतं, आणि अमुक अंतरापेक्षा जवळचे बिंदू एकत्र करायचे का तेही विचारतं. उघड्या कंटूरचं दुखणं तिथंच मिटतं. तिथं ०.०१ टाकून बघा. मोठा आकडा टाकू नका, नाहीतर बारीक फिलेट गिळून टाकतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

मूव्ह एन्टिटीजनंही होतं. फ्रॉम-टू मध्ये बोरचं सेंटर आणि ओरिजिन द्यायचं. पण त्यानं माल नुसता जागेवर येतो, बांधला जात नाही. नंतर कुणी माऊसनं धक्का दिला की परत गेला.

उद्यमनगर_ड्राफ्ट्समन | रात्री १०:४८

ताईंनी सांगितलं ते बरोबरच. पण ऑटोकॅड असेल तर मी फाईल आधी तिथंच सरळ करून घेतो. शिवाजी उद्यमनगरात अर्ध्या शॉपांत अजून ऑटोकॅडच चालतं, त्यामुळं हे लिहितोय.

मूव्ह, सगळं सिलेक्ट, बेस पॉइंट बोरचं सेंटर, दुसरा पॉइंट ०,०. इथं नवीन पोरं फसतात. डायनॅमिक इनपुट चालू असेल तर दुसरा पॉइंट तो पहिल्यापासूनचं अंतर धरतो. म्हणजे ०,० टाकलं की माल जागचा हलतच नाही, आणि पोरगं म्हणतंय कमांड बंद पडली. त्या वेळी #०,० टाकायचं, किंवा एफ१२ दाबून डायनॅमिक बंद करायचं.

फिरवायला रोटेट, बेस ०,०, मग रेफरन्स. कोन मोजायच्या भानगडीत पडू नका. ११ दिसत असला तरी तो १०.९९७ असू शकतो. रेफरन्समध्ये दोन बॉसची सेंटर दाखवायची आणि नवीन कोन ० द्यायचा.

दोन्ही एकदम पाहिजे असेल तर अलाइन. दोन बिंदूंच्या जोड्या द्यायच्या. शेवटी ते विचारतं, बिंदूंप्रमाणे स्केल करू का? तिथं नो. येस म्हटलं तर चित्र गुपचूप लहानमोठं होतं आणि मशीनवर जॉब लागल्यावरच कळतं.

झेड पण बघा. काही फायलींत काही रेघा झेडला ०.५ वर, काही शून्यावर. वरून बघताना टोकं जुळलेली दिसतात, जुळलेली नसतात. फ्लॅटन मारा. त्यानंतर ओव्हरकिल मारा, एकावर एक पडलेल्या डबल रेघा निघून जातात. लेझरवाल्याकडं डबल रेघ गेली की तो तीच जागा दोनदा कापतो आणि पैसे पण दोनदा लावतो.

डिप्लोमा_२३ | रात्री ११:०२

एवढं सगळं करण्यापेक्षा नवीन काढायला काय होतंय? एक बोर, एक पीसीडी, आठ होल. चहा गार व्हायच्या आत स्केच फुल्ली डिफाइन्ड.

सीएनसी_ताई | रात्री ११:१५

बोर आणि होलसाठी तुझं शंभर टक्के मान्य. जे मापात पाहिजे ते स्वतः काढावं, डायमेन्शन देऊन. आयात केलेल्या सर्कलवर भरवसा ठेवून बुशचं (ड्रिलला वाट देणाऱ्या नळीचं) होल मारू नये. पण तो लंबगोल पोर्ट, बाहेरचं कास्टिंगचं प्रोफाइल, रिब यातलं एकही साधं वर्तुळ नाही. ते आयात करून ब्लॉक म्हणून मागं ठेवायचं आणि त्याच्यावर आपली मापं काढायची.

पॅटर्न_अण्णा | बुधवार, सकाळी ७:३०

शिरगावकर, एक विचारतो. बोर किती मोजतोय? पीसीडी किती? बाहेरचा व्यास किती? दोन दशांशापर्यंत सांगा.

गोकुळ_शिरगावकर | सकाळी ८:१०

अण्णा, बोर ८४.८४. पीसीडी २०२.००. बाहेरचा व्यास २६८.६६. मला पण विचित्र वाटलं होतं. डीएक्सएफ करताना काहीतरी स्केल बिघडलं असेल म्हणून सोडून दिलं.

पॅटर्न_अण्णा | सकाळी ९:०५

स्केल बिघडलेलं नाही. हे जॉबचं ड्रॉइंगच नव्हे. हे पॅटर्नचं (ज्यावरून ओतायचा साचा करतात त्या नमुन्याचं) आहे, आणि बघायला गेलं तर मॅचप्लेटचं (पॅटर्न बसवलेल्या प्लेटचं).

हिशेब करा. सीआय ओतल्यावर गार होताना साधारण एक टक्का आखडतं, म्हणून पॅटर्न एक टक्का मोठा करतात. सगळ्याला १.०१ नं भागा. पीसीडी २००. बाहेरचा व्यास २६६. बोर ८४. आता मशिनिंग अलाउन्स (मशीनवर काढून टाकायचा जादा माल) एका बाजूला ३ धरा. बाहेरून ६ उतरलं की २६०, बोरमध्ये ६ वाढलं की ९०. फिनिश जॉब २६० बाहेरून, ९० बोर, २०० पीसीडी. नाही निघाला तर माझ्याकडून चहा. पीसीडीला अलाउन्स नसतो, बॉसचं सेंटर कुठं जात नाही, म्हणून ते नुसतं कॉन्ट्रॅक्शननं वाढलेलं दिसतंय.

जागेचं बघा. सेंटर एक्स १५५, वाय १५०. कुणी चुकून ओढलं असतं तर १५३.२७ वगैरे असलं काहीतरी आलं असतं. इतके गोल आकडे म्हणजे कुणीतरी विचार करून ठेवलंय. एका प्लेटवर चार नग, मधे रनर (वितळलेलं लोखंड वाहायची वाट), शून्य प्लेटच्या मध्यावर. त्यातला एक नग कापून कुणीतरी तुम्हाला डीएक्सएफ करून दिली. आणि ११ अंश तिरका का? पोर्टची बाजू जाड असती, तिथं गेट (रनरमधून नगात माल शिरायचं तोंड) नीट लागावा म्हणून आम्ही जॉब फिरवतो. रनरच्या सोयीनं कधी १०, कधी १५, जिथं बसेल तिथं.

तेव्हा तुम्ही ते ओरिजिनवर आणलं, सरळ केलं, सगळं झकास झालं, आणि २०२ पीसीडीवर बुश बसवले तर प्रत्येक होल १ मिलिमीटर बाहेर. बॉसवर पडतील, दिसायला बरोबर दिसतील. जोडीच्या बॉडीवर बोल्ट जाणार नाहीत.

पार्टीच्या परचेसवाल्याला जी फाईल हाताला लागली ती त्यानं पाठवली असणार. फिनिश ड्रॉइंग मागा. त्याच्याशिवाय हात लावू नका.

डिप्लोमा_२३ | सकाळी ९:१२

नाद खुळा अण्णा 🙏

गोकुळ_शिरगावकर | सकाळी ९:४०

अण्णा, डोक्यात प्रकाश पडला. पार्टीला फोन लावलाय, दुपारपर्यंत फिनिश ड्रॉइंग देतो म्हणाले. मग ही डीएक्सएफ टाकूनच द्यायची का?

पॅटर्न_अण्णा | सकाळी ९:५५

टाकू नका. कास्टिंगचं खरं रूप त्यातच आहे. फिनिश ड्रॉइंगवर रिबची जाडी, बॉसचा उतार, फिलेट हे बहुतेक नीट नसतं. नुसतं लहान करून घ्या. आणि हो, ०.९९ नं गुणू नका. बरेच जण एक टक्का वाढवलंय म्हणून एक टक्का कमी करतात. २०२ गुणिले ०.९९ म्हणजे १९९.९८. भागिले १.०१ करायचं, नाहीतर ०.९९००९९ टाकायचं. आणि हे एक टक्का सीआयचं, सगळ्याला तेच लावू नका. ॲल्युमिनियमला साधारण १.३, स्टीलला २ च्या आसपास. एसजी लोखंडाचं प्रत्येक फाउंड्रीचं आपापलं असतं, विचारून घ्यावं.

फिक्श्चर_शिरोली | सकाळी ११:३०

मी शिरोलीत फिक्श्चर डिझाइन बघतो. धागा चांगला चाललाय पण मूळ प्रश्नातलीच एक गोष्ट कुणी धरली नाही.

शिरगावकर, तुम्ही म्हणताय दोन बॉसची रेघ आडवी पाहिजे. आठ बॉस, म्हणजे दर ४५ अंशाला तेच चित्र. कुठलेही दोन शेजारचे बॉस धरून आडवे केले तरी सॉफ्टवेअर हो म्हणणार, आणि पोर्ट आठ जागांपैकी कुठंही जाणार. स्क्रीनवर तुमच्या लक्षात येईल, कारण पोर्ट डोळ्याला दिसतोय. पण उद्या दुसऱ्याच पोरानं नवीन रिव्हिजन आणली आणि दोन बॉस धरून सरळ केली, तर? बॉस ही दिशा धरायची वस्तूच नव्हे. पोर्ट एकच आहे. बोरचं सेंटर ते पोर्टचं सेंटर ही रेघ उभी करा. बॉस आपोआप मध्यरेघेच्या दोन बाजूंना २२.५ वर पडले तर ठीक, फ्लँजची रीत तीच आहे. नाही पडले तर फिनिश ड्रॉइंगशी ताडून बघा, काहीतरी गोंधळ आहे.

आता ओरिजिनचं. कॅडमध्ये ओरिजिन कुठं ठेवायचा हे जॉब मशीनवर कुठं धरणार त्यावरून ठरवायचं. तुमचं ड्रिल जिग आहे, म्हणजे टर्निंग (लेथवरचं काम) आधी झालेलं असणार. जिगमध्ये जॉब ९० च्या फिनिश बोरमध्ये प्लगवर बसणार. तर ओरिजिन म्हणजे फिनिश बोरचं सेंटर. डीएक्सएफमधलं ८४.८४ चं सर्कल म्हणजे कच्च्या बोरचं सेंटर, आणि ते कोअरनं (भोकासाठी साच्यात ठेवलेल्या गाभ्यानं) आलेलं आहे. कोअर मोल्डमध्ये मिलिमीटरभर इकडंतिकडं बसतो. कागदावर दोन्ही सेंटर एकच, लोखंडात नाही.

यातनं पुढचा प्रश्न, टर्निंगला जॉब कशावर धरताय? बाहेरून जॉ लावून, की आतल्या कच्च्या बोरवर? बाहेरून धरला तर फिनिश बोर बाहेरच्या अंगाला आणि बॉसला धरून राहतो, कोअर सरकला तरी एका बाजूचा माल जास्त निघेल इतकंच. आतून धरला तर कोअरची चूक बोरमध्ये उतरते आणि जिगमध्ये सगळी होल बॉसच्या एका कडेला जातात. मग सगळे म्हणणार जिग चुकलं. जिग करणाऱ्यानं टर्निंगवाल्याला हे आधी विचारावं.

दिशेसाठी पोर्टवर एक व्ही (व्ही आकाराचा ठोकळा) द्या, स्प्रिंगचा. कास्टिंग कमीजास्त असणार, कडक पिन दिली तर दहातला एक जॉब अडकून बसणार.

गोकुळ_शिरगावकर | दुपारी १२:०५

टर्निंग बाहेर होतंय, विचारतो. हे डोक्यातच नव्हतं.

हुपरी_डाय | दुपारी १:२०

धाग्यात घुसतोय, माफी असावी. आमचं काम चांदीचं. पैंजण, जोडवी यांच्या डाय करतो. नक्षी कागदावर हातानं काढून येते, स्कॅन करून कोरलमध्ये (कोरलड्रॉ) ट्रेस करतो, तिथनं डीएक्सएफ. कॅममध्ये (मशीनचा प्रोग्रॅम करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) नेली की नक्षी लांब वरच्या कोपऱ्यात आणि हजारो बारक्या रेघा. ब्लॉक करून ओरिजिनवर आणतो, पण नक्षीचं सेंटर म्हणून कुठला बिंदू धरायचा? सर्कलच नाही त्यात.

सीएनसी_ताई | दुपारी २:००

कोरलमध्ये शून्य पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात असतं, म्हणून ती वर-उजवीकडं पडते. तिथंच पट्टीचा शून्य नक्षीच्या मध्यावर ओढून घ्या, किंवा नक्षी ०,० वर अलाइन करून मग एक्सपोर्ट करा. दोन नमुने काढून बघा, तुमच्या आवृत्तीत कुठलं चालतंय ते कळेल.

हातानं काढलेली नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी नसतेच. बाउंडिंग बॉक्सचा मध्य घेतला तर एखादी वेल बाहेर आली की मध्य सरकतो. त्यापेक्षा अर्धीच नक्षी ट्रेस करा, मधल्या रेघेवर मिरर करा. मग ती मधली रेघ वाय ॲक्सिस आणि कडीचं भोक जिथं येतं तो बिंदू शून्य. कारागीर पण तिथनंच मोजतो.

आणि बारक्या रेघा तशाच ठेवून पुढं जाऊ नका. ट्रेस करतानाच नोड कमी करा. हजार तुकड्यांच्या प्रोफाइलवर टूल अडखळत चालतं आणि चांदीवर त्याच्या पायऱ्या दिसतात.

फ्रीकॅड_कागल | दुपारी ३:१५

लायसन परवडत नाही अशा लोकांसाठी फ्रीकॅडचं लिहितो. २०२४ च्या नोव्हेंबरात १.० आलं, तेव्हापासून मी रोजच्या कामाला तेच वापरालोय.

डीएक्सएफ आत आल्यावर ड्राफ्टच्या वस्तू होतात. त्या सिलेक्ट करून ड्राफ्ट टू स्केच. मग स्केचरमधलं व्हॅलिडेट स्केच चालवायचं. टॉलरन्स देऊन सुटलेले सांधे शोधायचे आणि दुरुस्त करायचे. इथंपर्यंत सोपं.

पुढं सगळे गडबडतात. स्केच हलवायचं म्हणून त्याची प्लेसमेंट किंवा अटॅचमेंट ऑफसेट बदलतात. एक्स उणे १५५, वाय उणे १५०. स्क्रीनवर बोर बरोबर मध्यावर येतं, माणूस खूश. पण हललाय तो स्केचचा कागद. कागदावर बोर अजून १५५, १५० वरच आहे आणि स्केचचा स्वतःचा शून्य आता लांब गेलाय. नंतर एक होल मारून स्केचच्या नॉर्मल ॲक्सिसभोवती पोलर पॅटर्न घेतला की आठही होल भलत्याच सेंटरभोवती गरागरा. मग बग आहे म्हणून ओरडायचं.

तेव्हा कागद जागेवर ठेवायचा आणि स्केचच्या आत जाऊन चित्र सरकवायचं. किंवा डीएक्सएफ ड्राफ्टमध्ये असतानाच, स्केच करायच्या आधी, ड्राफ्ट मूव्ह आणि ड्राफ्ट रोटेटनं शून्यावर आणायचं. मला दुसरी रीत बरी वाटते, कारण तेव्हा कसली रिलेशनच नसतात, अडवायला कुणी नसतं.

शेड_लेआउट | दुपारी ४:४०

आमच्याकडं हेच दुखणं, फक्त मोठ्या मापात. फाइव्ह स्टार एमआयडीसीत शेडचा लेआउट करतोय. सर्वेवाल्याची फाईल यूटीएममध्ये (नकाशाच्या मीटरमधल्या आकड्यांत) असते. कोल्हापूर ४३ नंबरच्या झोनमध्ये येतं, नॉर्दिंग (विषुववृत्तापासून उत्तरेचं अंतर) साडेअठरा लाख मीटरच्या आसपास. मिलिमीटर केले की १८० कोटींच्या पुढं. ऑटोकॅडमध्ये उघडतं, पण आर्क दातेरी दिसतात, हॅच फुटतो. आकडे आत डबल प्रिसिजनमध्ये बरोबर असतात, पण चित्र काढताना ग्राफिक्सचं गणित बहुतेक सिंगल प्रिसिजनमध्ये चालतं, तिथं सातच अंक टिकतात. सॉलिडवर्क्सला तर ओरिजिनपासून ५०० मीटरपलीकडं चालतच नाही.

मी एका पिलरचा कोपरा शून्य धरतो आणि त्याचे मूळ यूटीएम आकडे ड्रॉइंगमध्येच टेक्स्ट म्हणून लिहून ठेवतो. सर्वेवाल्याला परत द्यायची वेळ येतेच, तेव्हा तेवढंच मूव्ह करून उलटं न्यायचं.

उद्यमनगर_ड्राफ्ट्समन | सायंकाळी ५:१०

मूळ आकडे लिहून ठेवायचं लाख बोललात. शिरगावकर, तुम्ही पण ब्लॉकच्या नावात लिहा: मॅचप्लेट, १५५-१५०, ११ अंश, १.०१.

युनिटचं राहिलंच. ज्याचं चित्र २५.४ पट लहान-मोठं येतंय त्यानं डीएक्सएफ नोटपॅडमध्ये उघडावी. साधी टेक्स्ट फाईल असते. इनसयुनिट्स (INSUNITS) शोधायचं, खालच्या ओळीत ७०, त्याच्या खाली खरा आकडा. १ असेल तर इंच, ४ असेल तर मिलिमीटर, ० असेल तर बनवणाऱ्यानं काही सांगितलेलंच नाही, मग एक माहीत असलेलं माप मोजून तुम्हीच ठरवा. जुन्या आर१२ च्या फायलीत ही ओळ नसतेच.

गोकुळ_शिरगावकर | रात्री ८:५०

फिनिश ड्रॉइंग आलं. २६० बाहेरून, ९० एच७ (टॉलरन्सचा वर्ग) बोर, २०० पीसीडी, आठ एम१० टॅपिंग. अण्णा, चहा माझ्याकडून.

असं केलंय. नवीन पार्ट. पहिलं स्केच फ्रंट प्लेनवर, त्यात डीएक्सएफचा ब्लॉक, १.०१ नं लहान केलेला, नाव उद्यमनगरच्या भावांनी सांगितलं तसं. इन्सर्शन पॉइंट ओरिजिनवर, बोर-पोर्ट रेघ व्हर्टिकल. काळं पडलं. उघडा कंटूर विझार्डमध्ये ०.०१ दिल्यावर बहुतेक मिटला, एका ठिकाणी रिबच्या मुळाशी खरीच फट होती, ०.४ ची. ती तशीच ठेवली, कारण या स्केचवरून काही एक्स्ट्रूड करायचंच नाही. ते नुसतं मागं दिसायला.

दुसरं स्केच माझं. ९०, २००, आठ होल, सगळी मापं डायमेन्शननं, पहिल्या स्केचला एकही रिलेशन नाही. दोन्ही एकावर एक बघितली. आठही होल बॉसच्या मधोमध पडतात. बॉस २२.५ वर निघाले.

एक अडचण मात्र निघाली. फिनिश ड्रॉइंगवर पोर्टचं सेंटर बोरपासून ७८ वर दिलंय, डीएक्सएफमध्ये लहान केल्यावर ८० भरतंय. कोणतं खरं?

टर्निंगवाल्याशी पण बोललो. आतून धरतोय, एक्स्पांडिंग मँड्रेलवर. पहिला सेटअप सोपा पडतो म्हणाला.

फिक्श्चर_शिरोली | रात्री ९:३०

मग पहिला सेटअप बदलायला सांगा. बाहेरून सॉफ्ट जॉ, बोर आणि फेस एकाच धरणीत. नाही ऐकला तर जिग देण्याआधी त्याचे पाच-सहा जॉब आणून बॉस बोरपासून किती सरकलेत ते मोजून ठेवा आणि कागदावर पार्टीची सही घ्या.

पोर्टच्या ७८-८० चं पॅटर्नवाल्यालाच विचारा. दोनचा फरक म्हणजे एकतर ड्रॉइंगची रिव्हिजन बदललीय आणि पॅटर्न जुना आहे, किंवा उलटं. हातात असलेल्या कास्टिंगवर व्हर्नियर लावा, उत्तर लगेच मिळेल. तुमचा व्ही त्या पोर्टवरच बसणार आहे, त्यामुळं प्लेटमध्ये त्याचा स्लॉट आता थोडा लांब ठेवा.

पॅटर्न_अण्णा | रात्री ९:४५

कास्टिंगवर किती भरतंय ते इथंच टाका. ८० भरलं तर पॅटर्न जुन्या रिव्हिजनचा. मग कोअर बॉक्स पण जुनाच असणार, पार्टीला आजच कळवा.

गोकुळ_शिरगावकर | गुरुवार, सकाळी १०:२०

तीन कास्टिंग मोजली. ७९.६, ८०.२, ७९.९. पार्टीला मेल टाकलाय, फोटोसकट. कटिंग थांबवलंय. स्लॉट ७६ ते ८२ केला.

डिप्लोमा_२३ | सकाळी १०:३१

एम१० ला बुश ८.५ चाच धरलाय न्हवं?

गोकुळ_शिरगावकर | सकाळी १०:३४

व्हय, ८.५. टॅपिंग जिगच्या बाहेर, वेगळ्या मशीनवर.